लहान डिझेल ट्रॅक्टराचे हीटर-प्लग : विजेचे दोष कसे शोधावे

कोंकणांतील शेती तुकड्यातुकड्यांची. भाताचे मळे पायऱ्यांसारखे एकाखालीं एक, वाटा अरुंद, आणि आंब्याच्या कलमांमधून यंत्र न्यावयाचें म्हटलें तर फांद्या आडव्या येतात. घाटावरचा मोठा ट्रॅक्टर येथें वळतही नाहीं. म्हणून १५ पासून २७ अश्वशक्तीपर्यंतचे लहान ट्रॅक्टर आतां आमच्या पालीच्या बाजूस पुष्कळ अंगणांत दिसूं लागले आहेत. सन २०१४-१५ सालीं सुरू झालेल्या कृषि यांत्रिकीकरणाच्या केंद्रीय उपअभियानांतील अनुदानाचाही त्यास हातभार लागला. मात्र ज्या घरीं ट्रॅक्टर आला, त्या घरचा गोठा बहुधा रिकामा झाला. पूर्वीं एक बैल आजारी पडला तर शेजाऱ्याचा मागून आणतां येई. आतां ऐन लावणीच्या दिवशीं ट्रॅक्टर सुरू झाला नाहीं, म्हणजे सारें शेत थांबतें.

मी तहसील कचेरींत आयुष्य काढलेला कारकून. यंत्रविद्येचें शिक्षण मला नाहीं. परंतु गेल्या आषाढांत जें नुकसान सोसलें, त्यांतून जें शिकलों तें शेतकरी बंधूंच्या उपयोगीं पडेल, म्हणून हा लेख लिहिला आहे.

त्या वेळीं तरवा २५ दिवसांचा झाला होता आणि मळ्यांत पाणी उभें होतें. सात बाया व तीन गडी पहांटेच येऊन बांधावर बसले. चिखलणीसाठीं ट्रॅक्टराची चावी फिरविली. एंजिन चांगलें फिरे, नळींतून पांढरा धूर निघे, पण एंजिन पेट घेईना. तासाभरांत बॅटरी बसली. बोलाविलेल्या कारागिरानें तिन्ही हीटर-प्लग गेले असें सांगून नवे घातले. साडेतीन हजार रुपये झाले. दुसऱ्याची बॅटरी जोडून बऱ्याच खटपटीनें एंजिन एकदांचें सुरू झालें, तेव्हां रोग गेला असें आम्हांस वाटलें. दुसऱ्या दिवशीं पहांटे पुनः तोच प्रकार. चौथ्या दिवशीं दोष सांपडला, तो बॅटरीच्या तबकाखालून जाणाऱ्या जाड तारेच्या एका जोडांत. काढून ठेवलेले जुने प्लग मग मीं मोजून पाहिले, तों तिन्ही शाबूत! दोष दहा रुपयांच्या जोडाचा होता. दंड साडेतीन हजारांचा, दोन दिवसांच्या मजुरीचा आणि जून झालेल्या तरव्याचा पडला.

हीटर-प्लग कशासाठीं असतो

डिझेल एंजिनांत पेट्रोलच्या एंजिनासारखी ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन एंजिनिअरानें १८९७ सालीं जें एंजिन यशस्वी करून दाखविलें, त्याचें तत्त्वच असें कीं, हवा जोरानें दाबली म्हणजे ती इतकी तापते कीं तींत सोडलेलें तेल आपोआप पेट घेतें. सायकलींत हवा भरतांना पंपाचें टोक गरम लागतें, तोच हा प्रकार. फक्त येथें हवा आपल्या मूळ जागेच्या सुमारें विसाव्या हिश्शांत कोंबली जाते.

पण एंजिन थंड असलें म्हणजे ही उष्णता भोंवतालचें लोखंड पिऊन टाकतें. लहान एंजिनांत हें अधिक घडतें. कारण पुष्कळशा लहान एंजिनांत तेल सरळ पिस्टनावर न फवारतां बाजूच्या एका लहान कोठडींत फवारलें जातें. ह्या कोठडीची युक्ति प्रॉस्पर लोरांज ह्यानें १९०९ सालीं बेंझ कंपनींत काढली. तिनें एंजिन मऊ चालतें, आवाज कमी होतो. पण कोठडीच्या थंड भिंती उष्णता फार खातात. म्हणून प्रत्येक कोठडींत एक विजेची कांडी ठेवावी लागते. हाच ग्लो प्लग. आमच्याकडचे कारागीर त्यास हीटर म्हणतात. वीज दिली असतां त्याचें टोक कांहीं सेकंदांत लालभडक होतें आणि तेलाच्या फवाऱ्यास पेटावयास जागा मिळते. कुबोटा कंपनीचा २४ अश्वशक्तीचा, तीन सिलिंडरांचा निओस्टार बी २४४१ हा ट्रॅक्टर ह्या कोठडीच्या जातीचा आहे. उलट हातानें फिरवून सुरू होणारीं विहिरीवरचीं बहुतेक एंजिनें सरळ फवाऱ्याचीं असतात. त्यांस हीटर नसतो. आपलें यंत्र कोणत्या जातीचें आहे हें त्याच्या पुस्तिकेवरून आधीं पाहून घ्यावें.

आमच्या हवेंत हा दोष लपून राहतो

“आपल्याकडे थंडी ती कसली, हीटर असला काय नि नसला काय,” असें पुष्कळजण म्हणतात. ह्यांत अर्धें सत्य आहे. नवें एंजिन आणि भरलेली बॅटरी असेल, तर आमच्या उबदार हवेंत तें हीटरावांचूनही पुष्कळदां सुरू होतें. परंतु त्यामुळेंच हीटराचा दोष कळून येत नाहीं. एक प्लग जातो. एंजिन दोन सेकंद जास्त फिरवावें लागतें. दुसरा जातो, पांच सेकंद फिरवावें लागतें. हा वाढता भार बॅटरी व स्टार्टर मुकाट्यानें सोसतात. पुढें पिस्टनाच्या कड्या झिजून हवेचा दाब थोडा कमी होतो, बॅटरी जुनी होते, आणि एखाद्या पौषांतल्या पहांटे किंवा मुसळधार पावसांत सर्व उणीवा एकदम एकत्र येतात. लोक त्या दिवशीं ट्रॅक्टर बिघडला असें म्हणतात. वास्तविक तो वर्षभर बिघडतच होता.

दुसरी गोष्ट आमच्या पावसाची. रत्नागिरी जिल्ह्यांत वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यांत खार असतो. कलई गेलेल्या पितळी भांड्यांत आमटी कळकते, तसा तांब्याच्या तारेवर हिरवा कळंक चढतो. थंड प्रदेशांत प्लग अधिक राबतात व जळतात. आमच्याकडे प्लगाच्या आधीं जोड कुजतात. म्हणून येथें तपासणी प्लगापासून नव्हे, तर बॅटरीपासून सुरू करावी.

दोष हीटराचाच आहे काय

प्रथम एंजिन काय सांगतें तें ऐकावें.

१. एंजिन मंद, कण्हत फिरतें किंवा फिरतच नाहीं : दोष बॅटरीचा, तिच्या टोकांचा किंवा स्टार्टराचा. हीटराकडे वळूं नये.

२. एंजिन जोमानें फिरतें, पण नळींतून धूर मुळींच नाहीं : तेल पोंचत नाहीं. टाकी, तेलाची चाळणी, नळींतील हवा आणि तेल बंद करणारा विजेचा खटका पाहावा.

३. एंजिन जोमानें फिरतें, पांढरा धूर निघतो, त्यास कच्च्या डिझेलचा वास येतो, आणि बऱ्याच वेळानें एक-दोन सिलिंडरांवर धडधडत सुरू होऊन मग सुरळीत चालतें : हें हीटराच्या दोषाचें लक्षण. एकदां तापल्यावर तें दिवसभर बिनतक्रार सुरू होत असेल, तर ही शंका अधिक बळकट समजावी.

तपासणीपूर्वीं

गिअर मोकळा करावा, मागची अवजारें फिरविणारी दांडी सोडवावी, ब्रेक लावावा, चाकांस दगड लावावे. बॅटरीजवळ विडी ओढूं नये. तीतून निघणारा वायु स्फोटक असतो. बोटांतील अंगठी काढून ठेवावी. बॅटरी सोडवितांना ऋण टोक आधीं सोडवावें व जोडतांना शेवटीं जोडावें. चावी फिरविण्यास दुसरें माणूस आसनावर असावें. हीटर एका वेळीं १० सेकंदांहून अधिक चालू ठेवूं नये, व दोन वेळांमध्यें थोडी विश्रांति द्यावी.

साधन एकच पुरे : विजेचा दाब व अडथळा मोजणारें साधें मल्टिमीटर. ज्यांच्याजवळ तें नाहीं त्यांनीं एवढें तरी पाहावें : पुढचा दिवा लावून हीटर चालू करावा. दिवा किंचित् मंदावला, तर प्लग वीज घेत आहेत. मुळींच मंदावला नाहीं, तर बहुधा ते घेत नाहींत.

आसनासमोर वेटोळ्याच्या आकाराचा जो लहान दिवा लागतो, त्याच्यावर विसंबूं नये. पुष्कळ यंत्रांत तो ठराविक सेकंदांनीं विझतो, एवढेंच. प्लग तापले कीं नाहींत हें त्यास ठाऊक नसतें.

तपासणीचा क्रम

विजेची वाट अशी : बॅटरीचें धन टोक, मोठा फ्यूज, चावी, रिले (कांहीं यंत्रांत रिले नसतो, सारा भार चावीवरच असतो), जाड तार, सर्व प्लगांना जोडणारी धातूची पट्टी, प्लग, एंजिनाचें अंग, आणि तेथून जाड पट्ट्यानें परत बॅटरीचें ऋण टोक. ह्या वाटेवर पायरीपायरीनें जावें.

पहिली पायरी, बॅटरी. रात्रभर विसांवलेल्या भरलेल्या बॅटरीचा दाब १२.६ व्होल्टांच्या सुमारास असतो, १२.२ म्हणजे ती अर्धीच भरलेली. अर्ध्या बॅटरीवर पुढील मोजणी करूं नये. आधीं ती भरून घ्यावी. टोकांवरचा पांढरा-हिरवा थर खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें धुवून, सुकवून, कागदानें घांसावा.

दुसरी पायरी, फ्यूज. तो जळला असेल तर त्याच मापाचा नवा घालावा. तार किंवा खिळा अडकवूं नये. एका तारेपायीं सर्व वायरिंग पेटतें. नवा फ्यूजही लगेच जळाला, तर कोठें तरी तार उघडी पडून अंगास लागते आहे किंवा एखादा प्लग आंतून चिकटला आहे.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. मीटराची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकावर व तांबडी प्लगांच्या पट्टीवर धरून हीटर चालू करावयास सांगावें. चार उत्तरें येऊं शकतात. (अ) दाब शून्य : वाट पूर्ण तुटली आहे. (आ) बॅटरीच्या त्या वेळच्या दाबाहून फार तर एक-दीड व्होल्ट कमी : वाट चांगली; आतां एकेक प्लग तपासावा. (इ) ५, ६, ८ व्होल्ट असा मधलाच आंकडा : वाटेंत कुजलेला जोड आहे. (ई) बॅटरीचा दाब यत्किंचितही न उतरतां पट्टीवर पूर्ण १२.५ व्होल्ट : वीज दारांत उभी आहे, पण घेणारा कोणी नाहीं, बहुधा सर्वच प्लग तुटले आहेत.

चौथी पायरी, परतीची वाट. तांबडी तार एंजिनाच्या स्वच्छ घांसलेल्या धातूवर व काळी बॅटरीच्या ऋण टोकावर धरून हीटर चालू करावा. ०.२ व्होल्टांहून अधिक दाखविलें, तर परतीचा पट्टा सोडवून त्याच्या बोल्टाखालचा गंज काढावा.

पांचवी पायरी, प्लग. हीटर बंद असतां वरचे लहान नट काढून पट्टी उचलावी व प्रत्येक प्लगाचें टोक आणि एंजिनाचें अंग ह्यांमधील अडथळा मोजावा. १२ व्होल्टांच्या साध्या प्लगांत तो सुमारें १ ओहम असतो. नेमका आंकडा पुस्तिकेंत पाहावा. मीटराच्या दोन्ही तारा एकमेकींस लावून जो आंकडा येतो तो वजा करावा. मीटर कांहींच वाट दाखवीत नसेल तर प्लग तुटला. शून्य दाखवीत असेल तर आंतून चिकटला. तिन्ही प्लग एकमेकांशीं ताडून पाहणें हा उत्तम न्याय.

सहावी पायरी, चोर पकडणें. उत्तर (इ) आलें असेल, तर हीटर चालू असतां प्रत्येक जोडाच्या अलीकडे व पलीकडे मीटराच्या दोन तारा धराव्या. चांगल्या जोडावर जवळजवळ शून्य दिसतें. ज्या जोडावर व्होल्ट दिसतील, तोच ते खात आहे. रिलेच्या येण्याजाण्याच्या दोन टोकांवर व चावीच्या टोकांवरही असेंच करावें. रिले ‘टक्’ असा वाजला म्हणजे त्यानें वीज पुढें दिली असें नव्हे. त्याचे आंतले ओठ जळालेले असूं शकतात.

भार नसतांना केलेली मोजणी फसविते

माझ्या कारागिराची चूक येथेंच झाली. त्यानें प्लगांपासून तार सोडवून मीटर लाविलें. तें १२ व्होल्ट दाखवी. “वीज येते आहे, म्हणजे प्लग गेले,” असा निर्णय त्यानें दिला. सातबाऱ्यावर नांव एकाचें आणि जमीन कसणारा दुसराच, असें कचेरींत मीं शेंकडों वेळां पाहिलें होतें; कागद पाहून वहिवाट ठरत नाहीं. तारेचेंही तसेंच.

हिशेब करून पाहूं. एका प्लगाचा अडथळा १ ओहम. तीन प्लग शेजारीं शेजारीं जोडले म्हणजे एकंदर अडथळा एक तृतीयांश ओहम. १२ व्होल्टांवर ते मिळून ३६ अँपिअर वीज घेतात. ही ४३२ वॅटांची, म्हणजे ५५ वॅटांच्या आठ दिव्यांइतकी भूक होय. आतां वाटेंत एक जोड कुजून त्याचाही अडथळा एक तृतीयांश ओहम झाला, तर अर्धा दाब जोडच खाईल. प्लगांस ६ व्होल्ट मिळतील. दाब अर्धा झाला कीं उष्णता चौथाई होते. म्हणजे प्लग तांबडा न होतां नुसता कोमट होईल. उरलेली उष्णता त्या जोडांत निघेल. म्हणून दोषी जोड हातास गरम लागतो व त्याचें आवरण वितळलेलें दिसतें.

पण त्याच जोडापलीकडे नुसतें मीटर लावलें तर तें जवळजवळ पूर्ण १२ व्होल्ट दाखवील, कारण मीटर स्वतः वीज घेतच नाहीं. लहान दिवा लावला तरी तो चांगला लागेल, कारण त्याची भूक एक-दोन अँपिअरांची. बारीक पाटांतून तांब्याभर पाणी सहज येतें. मळा भरावयाचा म्हटला कीं पाट अपुरा पडतो. म्हणून नियम असा : प्लग जोडलेले ठेवून, हीटर चालू असतां, पट्टीवरच दाब मोजावा.

प्लग बदलतांना

एंजिन कोमट असतां बदलावे. भोंवतालची माती आधीं फुंकून काढावी, नाहींतर ती सिलिंडरांत पडते. गंज सोडविणारें तेल आदल्या रात्रीं सोडावें. पाना अडला तर जोर करूं नये. किंचित् पुढें, किंचित् मागें असें करीत सोडवावा. प्लग आंत मोडला तर एंजिनाचें डोकें उतरवावें लागतें. नवा प्लग त्याच व्होल्टांचा व त्याच लांबीचा घ्यावा, आटे हातानें बसवावे, शेवटीं बेतानें आवळावें. वरचा लहान नट तर फारच हलक्या हातानें. बाहेर काढलेल्या प्लगास हातांत धरून वीज देऊं नये. त्याचें टोक भाजतें, प्रसंगीं फुटतें.

नवे प्लग लवकर जळत असतील तर कारण शोधावें. सर्व एकदम जळाले, तर रिले चिकटून हीटर सतत चालू राहतो काय, किंवा चालत्या एंजिनावर दाब १५ व्होल्टांच्या वर जातो काय, तें पाहावें. एकच प्लग पुनः पुनः जळत असेल, तर त्या सिलिंडराचा फवारा गळतो किंवा वांकडा पडतो असें समजून तो तपासून घ्यावा.

काय करूं नये

हवेच्या नळींत ईथरचा स्प्रे किंवा पेट्रोलाचा बोळा हीटर असलेल्या एंजिनास कधींही देऊं नये. तापलेल्या प्लगावर तो भलत्याच वेळीं भडकतो; पिस्टन फुटतो, कड्या तुटतात, आग लागते. जळता बोळा नळीपाशीं धरण्याची रीतही अशीच घातक. स्टार्टर एका वेळीं १० सेकंदांहून अधिक चालवूं नये. मध्यें अर्धा मिनिट तरी थांबावें. आणि जमिनीवर उभें राहून स्टार्टराच्या टोकांवर पाना टेकवून एंजिन सुरू करूं नये. गिअर लागलेला असला तर ट्रॅक्टर त्याच क्षणीं माणसाच्या अंगावरून जातो. दोन दिवसांची लावणी बुडाली तर पुढच्या वर्षीं भरून निघेल. माणूस भरून निघत नाहीं.

वैशाखांतील व्यवस्था

पाऊस लागण्यापूर्वीं एक सकाळ ह्या कामास द्यावी. जोड एकेक सोडवून कळंक घांसावा, घट्ट बसवावे, वर व्हॅसलीन लावावें. कुजलेली तार कापून त्याच जाडीची घालावी; बारीक तार घातली तर नवाच दोष निर्माण होतो. मांगरांत पेंढ्याशेजारीं ट्रॅक्टर ठेवीत असाल तर उंदरांनीं तारा कुरतडल्या आहेत काय, आणि कुंभारीण माशीनें जोडांत मातीचें घर केलें आहे काय, तें पाहावें. मग बॅटरीचा दाब, हीटर चालू असतां पट्टीवरचा दाब व तिन्ही प्लगांचे ओहम, असे पांच आंकडे तारखेसह वहींत लिहून ठेवावे. पुढील वर्षीं त्याच वहींत नवे आंकडे त्यांच्या खालीं लिहिले कीं कोठें उतार पडला तें आपोआप दिसेल.

अशी वही मीं यंदा घातली आहे. तिच्या पहिल्या पानावर साडेतीन हजारांची पावती चिकटविली आहे, आणि पावतीखालीं त्या कुजलेल्या जोडाचा तुकडा बांधून ठेविला आहे.